डेलावेअर नदीत स्मॉलमाउथ बास कसा पकडायचा : पाणी वाचण्यापासून मासा परत सोडण्यापर्यंत

न्यू जर्सीत किंवा पूर्व पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्या ज्या मंडळींना गळ टाकायची आवड आहे त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं काउंटी पार्कच्या तळ्यावर पाण्यावर तरंगणारा बॉबर लावून बसतात आणि तासाभराच्या अंतरावर डेलावेअर नदी वाहतेय हे त्यांच्या गावीही नसतं. या नदीतला स्मॉलमाउथ बास म्हणजे, वजनाच्या मानाने इतका जीव तोडून भांडणारा गोड्या पाण्यातला मासा मला तरी दुसरा माहीत नाही. बारा-चौदा इंचाचा बाससुद्धा रॉड वाकवतो, दोन-तीनदा पाण्याबाहेर उडी मारतो, आणि दमला असं वाटेपर्यंत पुन्हा धारेत घुसतो. त्याला पकडायला बोट लागत नाही, महागडं सामान लागत नाही. लागते ती पाणी बघायची नजर. दुकानात लोक लूरच्या, म्हणजे खोट्या आमिषाच्या, रंगावर अर्धा तास घालवतात आणि नदीवर पोचल्यावर समोर दिसेल तिथे फेकत सुटतात, हे नेमकं उलटं व्हायला हवं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी पाण्यालाच देणार आहे, सामान, गाठी, नियम हे ओघाने येईलच. उदाहरणं डेलावेअरची आहेत पण सस्क्वेहॅना, जुनियाटा, पोटोमॅक अशा कुठल्याही उथळ खडकाळ नदीवर हेच चालतं.

मासा कसा आहे ते आधी बघा

अंगाचा रंग काशासारखा, तपकिरी-हिरवट, त्यावर उभे गडद पट्टे, डोळा बरेचदा लालसर. त्याच्या भावंडाशी, लार्जमाउथ बासशी, गोंधळ होत असेल तर तोंड मिटलेलं असताना जबड्याचा कोपरा बघा, लार्जमाउथचा डोळ्याच्या मागे जातो, स्मॉलमाउथचा जात नाही. नदीत रॉक बास पण लागतो, त्याचे डोळे लाल असतात पण तो बुटका, रुंद असतो आणि अंगावर ठिपक्यांच्या ओळी असतात.

हा मासा मूळचा डेलावेअरचा नाही. त्याचा मुलूख म्हणजे ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, ओहायो आणि मिसिसिपीचं खोरं. १८५४ मध्ये रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीत घालून काही बास डोंगर ओलांडून आणले आणि पोटोमॅकमध्ये सोडले, तिथे ते इतके फळले की १८७० च्या आसपास डेलावेअरमध्येही सोडले गेले. आणि ही नदी त्याला मानवली कारण त्याला हवं ते सगळं इथे आहे, गोट्यांचा तळ, भरपूर ऑक्सिजन असलेलं वाहतं पाणी, आणि तळाच्या दगडाखाली खाणं.

खाणं म्हणजे मुख्य क्रेफिश, दिसायला आपल्या शेवंडाचं चिमुकलं पिल्लू, दगडाखाली राहतो. मग छोटे चंदेरी मासे, आणि हेलग्रामाइट नावाची दगडाखालची काळी, जबडेवाली अळी. यातल्या दोन गोष्टी तळाला असतात हे लक्षात ठेवा, पुढे लूर कुठे चालवायचं हे त्यावरूनच ठरतं. आणि बास वाढतो फार हळू, इथल्या नद्यांत बारा इंचाचा व्हायला साधारण चार वर्षं लागतात. अठरा इंची मासा लागला तर तो या नदीतला म्हातारा आहे, त्याच्याशी त्याच मानाने वागा.

निघण्याआधी क्युसेक बघा

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक सोडलं हे पुणेकर जसं बातम्यात बघतात तसंच इथे नदीवर जाण्याआधी बघायचं असतं, फरक एवढाच की इथे ते चोवीस तास फोनवर मिळतं. यूएसजीएसची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याची, पाणी मोजायची केंद्रं नदीभर आहेत, पोर्ट जर्व्हिस, मॉन्टेग्यू, बेल्व्हिडिअर, रीगल्सव्हिल, ट्रेंटन. तुम्ही जिथे जाणार त्याच्या जवळचं आणि त्याच्या वरचं अशी दोन बघा. वरच्या केंद्रावर आलेख चढत असेल तर तेच पाणी काही तासांनी तुमच्याकडे येणार आहे.

डेलावेअरच्या मुख्य पात्रावर एकही धरण नाही, सुमारे ३३० मैल नदी मोकळी वाहते, पण तिच्या वरच्या फाट्यांवर न्यूयॉर्क शहराची तीन धरणं आहेत, कॅननस्व्हिल, पेपॅक्टन आणि नेव्हरसिंक. १९५४ च्या सुप्रीम कोर्टाच्या हुकुमानुसार मॉन्टेग्यूला १७५० क्युसेक राहील असं पाणी या धरणांतून सोडावं लागतं, दुष्काळ जाहीर झाला की हा आकडा कमी करतात. याचा गळवाल्याला अर्थ असा की ऐन उन्हाळ्यातही नदी साधारणपणे पार आटत नाही. आणि धरणाच्या तळातून येणारं पाणी गार असतं, त्यामुळे हॅनकॉकच्या बाजूला ट्राउटचं राज्य, आणि नॅरोजबर्ग, पोर्ट जर्व्हिसकडे खाली येता येता पाणी कोमट होत जातं आणि बास वाढत जातात.

पाण्यात उतरून पकडायचं असेल तर माझा हिशोब सोपा आहे. मॉन्टेग्यूला दोन-अडीच हजार क्युसेक असेल आणि आलेख सपाट किंवा उतरता असेल तर उत्तम दिवस. चार हजारांच्या आसपास असेल तर काठाकाठाने, गुडघ्यापर्यंतच. त्याहून जास्त असेल, पाणी गढूळ असेल, तर पाय कोरडे ठेवून काठावरूनच. आकडा चढत असताना मी नदीत पाय घालत नाही, कितीही मासे लागत असले तरी.

पाण्याचं तापमान पण काही केंद्रांवर मिळतं. ५० फॅरनहाइटच्या खाली मासा सुस्त, ६० ला अंगात येतो, ६५ ते ७५ मध्ये जोरात खातो, ८० च्या वर गेलं की फक्त पहाट आणि संध्याकाळ.

सामान

साडेसहा ते सात फुटी स्पिनिंग रॉड, मीडियम लाइट किंवा मीडियम, टोक चपळ असलेला म्हणजे फास्ट ॲक्शन. रील २५०० साइझचं. रीलवर दहा पाउंडी ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन आणि पुढे पाच-सहा फूट आठ पाउंडी फ्लोरोकार्बनचा लीडर, डबल युनी गाठीने जोडलेला. ब्रेडेड लाइन ताणली जात नाही त्यामुळे तळाच्या दगडावरची टकटक थेट बोटाला कळते, आणि लीडर पाण्यात कमी दिसतो, दगडावर घासला तरी टिकतो. लूरला पालोमर गाठ बांधा, ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा, कोरडी ओढली की फ्लोरोकार्बन तापून कमजोर होतो. दर पाच-सात माशांनंतर शेवटची फूटभर लाइन दोन बोटांत धरून सरकवा, खरखर लागली तर तेवढी कापून टाका.

पोलराइज्ड गॉगल ही चैन नाही. बजेट कमी असेल तर रॉड स्वस्तातला घ्या पण गॉगल चांगला घ्या, तपकिरी किंवा अंबर काचेचा. त्याच्याशिवाय पाण्याखालचा खडक दिसत नाही, आणि खडक दिसला नाही तर मासेही सापडत नाहीत आणि पायही घसरतो.

लूर सुरुवातीला चारच घ्या. पहिलं नेड रिग, म्हणजे चपट्या मशरूमसारख्या डोक्याचा छोटा जिग (डोक्याला वजन असलेला गळ) आणि त्यावर पावणेतीन इंचाचा रबरी तुकडा. दुसरं साडेतीन इंची ट्यूब, म्हणजे पोकळ रबरी नळी, ही तळावर हुबेहूब क्रेफिशसारखी चालते. तिसरं मेप्ससारखं इनलाइन स्पिनर, म्हणजे तारेभोवती पातं फिरणारं, दोन किंवा तीन नंबर. चौथं पाण्यावर चालणारं एखादं, रेबेलचा पॉप-आर किंवा छोटा व्हॉपर प्लॉपर. रबराचा रंग ग्रीन पंपकिन घ्या, विषय संपला. जिगहेड मात्र वेगवेगळ्या वजनाचे भरपूर घ्या, एक सोळांश, तीन बत्तीसांश, एक अष्टमांश आणि थोडे तीन सोळांश औंस, कारण नदीत रंगापेक्षा वजन शंभर पट महत्त्वाचं आहे आणि तळाच्या दगडात जिग अडकून जाणारच.

नेडचं रबर लावताना घाई करू नका. गळाचं टोक रबराच्या सपाट बाजूच्या बरोब्बर मधे टोचा, सरळ आत घाला, रबर गळाच्या बाकापर्यंत किती येतंय ते आधी शेजारी धरून मापून घ्या आणि तिथेच टोक बाहेर काढा. रबर जराही वाकडं बसलं तर धारेत ते पंख्यासारखं फिरतं आणि लाइनला पीळ पडतात, बास ते बघून बाजूला होतो. झेडमॅनचं इलास्टेक नावाचं रबर फार टिकाऊ असतं, एका तुकड्यावर ढीगभर मासे येतात, पण ते दुसऱ्या रबराबरोबर एकाच डबीत ठेवलं तर दोन्ही वितळून चिकट गोळा होतो, म्हणून त्याचं त्याच्याच पाकिटात ठेवा. सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाका.

आता पाणी

नदीवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं रॉड गाडीतच राहू द्या. काठावर उंच जागी उभं राहून नदी कुठून कशी येते ते बघा. उथळ नदीचा एक क्रम असतो, खळाळ, मग खळाळाच्या खाली लांब धार, मग डोह, मग डोहाचं शेपूट जिथे तळ पुन्हा वर येतो आणि पाणी गुळगुळीत होऊन पुढच्या खळाळात सांडतं. मग परत तेच. बास या चारही ठिकाणी असतो पण वेगवेगळ्या वेळी. जुलै-ऑगस्टच्या गरम दुपारी तो खळाळाच्या वरच्या तोंडाशी आणि धारेत येतो कारण तिथे ऑक्सिजन जास्त. संध्याकाळी डोहाच्या शेपटाला खायला येतो, कधीकधी इतक्या उथळ पाण्यात की पाठीचा पर बाहेर दिसेल. थंडीत मात्र तो डोहाच्या पोटात जाऊन बसतो.

पण या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बासला आयतं खाणं हवं असतं आणि ते आणते धार, पण दिवसभर धारेत पोहत राहणं त्याला परवडत नाही. म्हणून तो संथ पाण्यात उभा राहतो, तोंड धारेकडे करून, आणि समोरून काही वाहत आलं की झडप घालून परत जागेवर. म्हणजे जिथे जोराचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं ती सीमारेघ शोधायची. ही रेघ डोळ्याला दिसते. तिच्यावर फेस, पानं, काड्या ओळीने वाहत असतात. फेसाची रेघ जिकडे जाते तिकडेच खाणं जातं, आणि तिच्या संथ बाजूला हातभर अंतरावर मासा असतो. नदी कितीही मोठी असो, अशा रेघा मोजायला लागलात की पाऊण नदी तुम्ही आपोआप सोडून देता आणि उरलेल्या पाव भागावर नीट मेहनत करता.

एक खडक घ्या, समजा धुण्याच्या मशीनएवढा, कमरेएवढ्या पाण्यात, वरचा भाग जेमतेम बुडालेला. सगळे जण त्याच्या मागे, म्हणजे खालच्या अंगाला फेकतात, आणि तिथे मासा असतोच. पण धार खडकावर आपटते तिथे खडकाच्या पुढ्यातही पाण्याची एक मऊ उशी तयार होते, आणि मोठा बास बरेचदा त्या उशीत असतो कारण येणारं खाणं पहिलं त्याच्या तोंडात जातं. शिवाय दोन्ही कुशीला पाणी वळतं तिथे दोन रेघा असतात, त्या खाली जाऊन मिळतात. म्हणजे एका खडकाला चार जागा झाल्या. क्रम असा ठेवा, आधी मागची, तुमच्या बाजूची रेघ, मग मागचा संथ भाग, मग पलीकडची रेघ, आणि शेवटी खडकाच्या वर आठ-दहा फुटांवर फेकून लूर वाहत वाहत थेट खडकाच्या कपाळावर येऊ द्या. अलीकडचा मासा लागला तर त्याला ओढून खाली, तुमच्या बाजूला घ्या, म्हणजे बाकीचे बिथरत नाहीत.

खडकाशिवाय आणखी कुठे बघायचं? तळात आडव्या कातळाच्या पायऱ्या असतात, पायरीच्या खालच्या अंगाला. बेटांच्या खालच्या टोकाला, जिथे दोन्ही बाजूंचं पाणी परत भेटतं, ही माझी सगळ्यात आवडती जागा, काहीच सुचत नसेल तर तिथून सुरुवात करा. पाण्यातल्या गवताच्या बेटांची धारेकडची कड. ओढा नदीला मिळतो तिथे, उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी गार असतं म्हणून आणि पावसानंतर तो खाणं घेऊन येतो म्हणून. वरच्या भागात पूर्वी ईल मासे पकडायला रचलेल्या दगडांच्या इंग्रजी व्ही आकाराच्या भिंतींचे अवशेष दिसतात, त्यांच्या चोचीखाली खोल खड्डा असतो, तो कधी सोडू नका. आणि पहाटे आल्यावर पहिली फेक काठालगतच्या गुडघाभर पाण्यात, पाण्यात पाय घालण्याआधी. रात्रभर मासे तिथेच चरत असतात आणि आपण त्यांच्या अंगावरून चालत जाऊन मग लांब फेकत बसतो.

लूर वाहू द्यायचं

तळ्यावरून नदीवर आलेल्या माणसाला ही एक सवय बदलावी लागते. तळ्यात लूर आपण चालवतो, नदीत ते नदीला चालवू द्यायचं आणि आपण फक्त लाइन सांभाळायची.

धारेला आडवं तोंड करून उभे राहा आणि थोडं वरच्या अंगाला, तिरकं फेका. लूर पाण्यात पडलं की बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, हाताने बंद करा, रॉडचं टोक वर, डोक्याच्या जरा पुढे, आणि लूर खाली वाहत येईल तेवढीच ढिली लाइन गुंडाळत राहा, लूर ओढलं जाता कामा नये. लाइन पार टाइट नको, पार सैल पण नको, पाण्यावर हलकी झोळ असावी. जिग बरोबर वजनाचा असेल तर तो दर दोन-तीन फुटांवर तळाला टक् करून परत उचलला जातो, ही टकटक बोटाला आणि लाइनच्या झोळीला दोन्हीकडे कळते. तीन-चार सेकंद झाले आणि काहीच लागलं नाही तर जिग हलका पडतोय, एक नंबर वर जा. उलट दर फेकीला तळाला जाऊन बसत असेल तर जड आहे. एकाच जागेवर खळाळाला एक अष्टमांश आणि बाजूच्या संथ पाण्याला एक सोळांश लागेल, कंटाळा न करता बदला. मासे का लागत नाहीत असं मला कोणी विचारलं की मी आधी जिगचं वजन विचारतो.

लूर तुमच्या समोरून पुढे गेलं की लाइन ताणली जाते आणि लूर तळावरून उचलून काठाकडे कमान घेत येतं. या वळणावर रॉड खाली करून थांबा, काही करू नका. पळून जाणाऱ्या क्रेफिशसारखं दिसतं ते बासला आणि फार मासे नेमके इथेच लागतात. वळण संपून लूर खालच्या अंगाला सरळ झालं की दोन-चार सेकंद तसंच राहू द्या, मग गुंडाळा. तीन-चार फेकी झाल्या की दोन पावलं खाली सरका.

लागल्याची खूण दरवेळी झटका नसते. टकटक मधेच थांबते, लाइन बाजूला सरकते, किंवा ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. शंका आली की रॉड आडवा, खालच्या दिशेने लांब ओढा, वर हिसका मारू नका, नेडचा गळ बारीक असतो, ताण पुरतो. मासा उडी मारायला वर येताना लाइन पाण्यातून चढताना दिसते, त्याच क्षणी रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या, उडीच्या वेळी लाइन फार ताणलेली असली की तो डोकं झटकून गळ फेकून देतो. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, इतका सैल ठेवा की हाताने ओढल्यावर लाइन कुरकुरत का होईना बाहेर येईल.

जिग दगडात अडकला तर ओढू नका, ओढलं की अजून रुततो. लूरच्या वरच्या अंगाला चालत जा आणि उलट्या बाजूने हलवा. तिथे जाता येण्यासारखं पाणी नसेल तर लाइन ताणून दोन बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखी ओढून सोडा, बऱ्याचदा सुटतो. नाहीच सुटला तर लाइन हाताला न गुंडाळता रॉड सरळ धरून मागे चाला आणि तोडा. ब्रेडेड लाइन बोट कापते.

संध्याकाळचं वरचं पाणी

जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य डोंगराआड गेला की नेड सोडून वरचं लूर बांधा. डोहाच्या शेपटाला, गवताच्या कडेला पॉपर फेका, पडल्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका, मग एक छोटा पॉप, परत थांबा. वाहत्या पाण्यात थांबा म्हणजे त्याला वाहू द्या. बास फोडून वर आला की हात आपोआप झटका मारतो, तो मारायचा नाही, माशाचं वजन रॉडवर येईपर्यंत धीर धरा.

जुलै अखेर ते ऑगस्टमध्ये अंधार पडता पडता व्हाइट फ्लाय नावाची पांढरी माशी नदीतून निघते, काही संध्याकाळी इतकी की हवेत बर्फ पडल्यासारखं दिसतं. नदीभर मासे वर येऊन ती टिपत असतात आणि मोठं लूर समोरून गेलं तरी ढुंकून बघत नाहीत. तेव्हा फ्लाय रॉड असेल तर पांढरी फ्लाय (गळावर बांधलेली खोटी माशी), नसेल तर अगदी छोटा पांढरा रबरी तुकडा, वजन न लावता, वाहवत सोडा. परत यायची वाट उजेडात बघून ठेवा आणि हेडलॅम्प खिशात ठेवा, अंधारात नदीत दिशा कळत नाही.

ऋतूंप्रमाणे काय बदलतं

एप्रिल-मेमध्ये शॅड समुद्रातून वर चढतो, हा आपल्या पाल्याचा म्हणजे हिल्साचा भाऊबंद, काट्यांसकट, आणि तेव्हा नदीवर बहुतेक लोक त्याच्याच मागे असतात. त्याच सुमारास पाणी साठ फॅरनहाइटच्या आसपास आलं की बास अंडी घालतो. नर वाळू-गोट्यात शेपटीने खळगा करतो आणि अंडी-पिल्लं राखत बसतो. त्याला तिथून उचललं की काही मिनिटांत सनफिश येऊन घरटं साफ करतात. उथळ पाण्यात स्वच्छ गोल खळगा आणि त्यावर उभा बास दिसला तर लूर दुसरीकडे फेका. मला हे फार मनापासून सांगायचंय, कारण चार वर्षांनी जो मासा आपल्याला लागणार तो त्या खळग्यात असतो.

मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ आणि चढलेलं असेल तर मासे काठाला, गवतात, झाडांच्या मुळांत येतात, काठावरूनच गडद रंगाची ट्यूब किंवा स्पिनर त्यांच्या नाकासमोरून न्या. सप्टेंबर-ऑक्टोबर माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. वसंतात जन्मलेली शॅडची पिल्लं थव्याने समुद्राकडे निघतात आणि बास कळपाने त्यांच्या मागे लागतो. तेव्हा चंदेरी जर्कबेट, म्हणजे झटके देत चालवायचं माशाच्या आकाराचं लूर, रापालाच्या एक्स-रॅपसारखं, दोन झटके आणि एक थांबा. पाणी पन्नासच्या खाली गेलं की खोल संथ डोह, केसांचा जिग, आणि सगळं निम्म्या वेगाने.

पाण्यात उतरताना

डेलावेअर दिसते गरीब, आहे दगाबाज. इथे दरवर्षी माणसं बुडतात आणि बुडणाऱ्यांच्या अंगात बहुतेक वेळा लाइफ जॅकेट नसतं, नॅशनल पार्क सर्व्हिस हे कंठशोष करून सांगते. फुगवायचं हलकं जॅकेट मिळतं, फेकताना आड येत नाही, घालाच. मांडीच्या वर पाणी आलं की थांबा. रबरी तळाला खिळे असलेले बूट, हातात काठी, आणि एक पाय घट्ट बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. धारेला अंगाची बाजू द्या, पाठ किंवा पोट नको. पडलात तर उभं राहायची धडपड करू नका, पाय दगडात अडकला की धार माणसाला दाबून ठेवते. पाठीवर, पाय खालच्या दिशेला करून वाहत जा आणि हाताने वल्हवत काठ गाठा. लॅम्बर्टव्हिल आणि बुल्स आयलंडजवळच्या विंग डॅमच्या, म्हणजे काठांतून पात्रात आलेल्या बांधांच्या, आसपास तर जाऊच नका, बोटीनेही नाही. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कयाक, कनू आणि सोळा फुटांखालच्या बोटीत जॅकेट अंगात घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

काठावरच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यातून लाइम रोग होतो, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. अंगाला खाज आणणारी तीन पानांची पॉइझन आयव्ही ओळखायला शिका.

नदीच्या वरच्या भागात डिडिमो नावाचं शेवाळ पसरलंय, ते ओल्या बुटांवरून दुसऱ्या नदीत जातं. बूट, जाळी घासून धुवा आणि पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. जिवंत आमिष वापरणार असाल तर दुसरीकडून आणू नका आणि उरलेलं नदीत ओतू नका.

मासा हातात आल्यावर

आधी हात ओले करा. अंगठा खालच्या जबड्यात, त्याला बारीक खरखरीत दात असतात, टोचत नाहीत. मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली, नुसता जबड्याला धरून आडवा लटकवू नका. गळ पकडीने काढा, खोल गेला असेल तर लाइन जवळून कापा. फोटो काढायचा तर फोन आधी तयार ठेवा, माशाला पाण्यातच धरून ठेवा, उचला, क्लिक, परत पाण्यात. सोडताना संथ पाण्यात, तोंड धारेकडे करून, तो स्वतः जोर लावेपर्यंत धरा. ऐंशीच्या वर तापलेल्या पाण्यात तो लवकर दमतो, अशा दुपारी मी थांबतोच.

लायसन्सचं म्हणाल तर सोळा वर्षांपासून लागतं. नदी जिथे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या मधून वाहते तिथे दोघांपैकी कुठल्याही एका राज्याचं चालतं, वर न्यूयॉर्कच्या सीमेवर न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियाचं. पण पात्र सोडून ओढ्यात शिरलात की त्या राज्याचंच हवं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बास पकडला तर लगेच सोडायचा, बाकी काळात बारा इंचांच्या वरचे दिवसाला पाच, हे साधारण चित्र आहे, तारखा त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

आणि खायचा का, हा प्रश्न आपल्याकडे आल्याशिवाय राहत नाही. मांस पांढरं, सौम्य, काटे फार नाहीत, पण नदीतल्या बासमध्ये पारा आणि पीसीबी नावाची विषारी रसायनं साठतात म्हणून दोन्ही राज्यं किती खावा याची सूचना काढतात, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ती जास्त कडक असते. ती वाचून एखादा बारा-तेरा इंची घरी नेला तर माझी हरकत नाही. पंधराच्या वरचे मात्र मी सगळे सोडतो, आणि कालवण करायचंच असेल तर परतीच्या वाटेवर कोरियन दुकानातून बांगडे घेतो.